वृद्धांच्या केअर होमचे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर व्हायचंय? कोर्सचे पैसे भरण्याआधी हे वाचा

‘ताई, सगळं ऑनलाइन आहे, घरबसल्या होईल. सर्टिफिकेटचं माझ्यावर सोडा.’ असं सांगून ज्या गृहस्थांनी माझ्याकडून ९५० डॉलर घेतले, ते आता फोन उचलत नाहीत. कॅलिफोर्नियात केअर होममध्ये काम करणाऱ्या आणि पुढे जाऊ पाहणाऱ्या आपल्या लोकांपर्यंत हे पोचावं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी सहा खाटांच्या एका बोर्ड अँड केअरमध्ये केअरगिव्हर आहे. साध्या वस्तीतलं साधं घर, आत सहा आजी-आजोबा. कागदोपत्री अशा घराला आरसीएफई म्हणतात आणि त्याचा परवाना कॅलिफोर्नियाचं सोशल सर्व्हिसेस खातं देतं. परवाना घराचा असतो. ते चालवणाऱ्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला स्वतःचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. आमच्या मालकीणबाईंनी मला विचारलं, ‘तू का होत नाहीस?’ वय २१ च्या पुढे, हायस्कूल पूर्ण, बोटांचे ठसे देऊन होणारी पार्श्वभूमी तपासणी, एवढं माझ्याकडे होतं. राहिला होता तो कोर्स आणि परीक्षा.

कोर्स ८० तासांचा असतो. त्यातले किमान ६० तास शिक्षकाच्या थेट वर्गात व्हावे लागतात, उरलेलेच आपापल्या वेळेने ऑनलाइन चालतात. कोर्स संपल्यावर ६० दिवसांच्या आत खात्याची १०० प्रश्नांची परीक्षा पास व्हायची, ७० टक्के मिळवून.

हे गृहस्थ आमच्या ओळखीतून आले. मराठी बोलणारे, अदबीने वागणारे, आपण मान्यताप्राप्त संस्थेतर्फे शिकवतो म्हणून सांगणारे. त्यांच्या पत्रकावर खात्याचा व्हेंडर नंबर, म्हणजे मान्य संस्थेला खातं देतं तो क्रमांक, होता आणि तो नंबर खोटा नव्हता. फसवणूक नेमकी तिथेच होती. खातं संस्थांना दोन निरनिराळ्या कामांसाठी मान्यता देतं. एक, नव्या माणसाच्या ८० तासांच्या कोर्ससाठी. दुसरी, आधीच प्रमाणपत्र असलेल्यांना दर दोन वर्षांनी जे ४० तासांचं शिक्षण घ्यावं लागतं, त्यासाठी. त्यांच्या नंबराला फक्त दुसरी मान्यता होती. नूतनीकरणाची ४०-४० तासांची दोन पॅकेजं एकत्र बांधून त्यांनी मला ‘८० तासांचा कोर्स’ म्हणून विकली.

शेवटी जो दाखला आला त्यावर एक रकाना होता: ‘सध्याच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर प्रमाणपत्राचा क्रमांक’. मी लगेच फोन करून विचारलं, माझ्याकडे अजून प्रमाणपत्रच नाही तर इथे काय लिहू? ‘तो कोरा सोडा ताई, नवीन लोकांचा कोराच असतो.’ इतक्या सहज उत्तर दिलं की पुढे विचारायला जागाच उरली नाही. नवीन माणसाच्या दाखल्यावर असा रकाना असायचं कारणच नाही. तुमच्या हातात असा कागद आला तर तिथेच थांबा.

परीक्षेसाठी कागद पाठवले आणि खात्याकडून उत्तर आलं की ही संस्था प्राथमिक, म्हणजे नव्या माणसाच्या ८० तासांच्या, कोर्ससाठी मान्य नाही. त्यावर गृहस्थ म्हणाले, सिस्टीममध्ये दिसायला वेळ लागतो, वेगळे २०० भरा, परीक्षेची तारीख मिळवून देतो. ते मी भरले नाहीत. परीक्षेची तारीख खातं देतं, मधल्या माणसाला ती विकता येत नाही.

प्रमाणित अ‍ॅडमिनिस्ट्रेटरशिवाय घर चालवता येत नाही, त्यामुळे मालकीणबाईंना दुसरी व्यक्ती नेमावी लागली. पैशांपेक्षा मला ते जास्त लागलं. आणि संतापही येतो, कारण हे ८० तास कुणाच्या लहरीने आलेले नाहीत. २०१३ मध्ये कॅस्ट्रो व्हॅलीतलं एक वृद्धनिवास राज्याने बंद करायला लावलं. पगार थकलेले कर्मचारी निघून गेले आणि डझनावर म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला उरले फक्त एक स्वयंपाकी आणि एक सफाई कामगार. दोघे दिवसरात्र तिथे राबले. त्यानंतर २०१४ मध्ये कायदे बदलले आणि २०१६ पासून कोर्स ४० तासांवरून ८० तासांचा झाला. औषधं कुलूपबंद कशी ठेवायची, स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती घराबाहेर निघून जाऊ नये म्हणून काय करायचं, कुणाला घरात ठेवून घेता येतं आणि कुणाला नाही, हे त्यात शिकवतात. मला मिळालेल्या पीडीएफमध्ये हे सगळं ‘तुम्हाला माहीत आहेच’ असं धरून उरकलेलं होतं.

पैसे भरण्याआधी खात्याच्या संकेतस्थळावरची मान्य संस्थांची यादी उघडा आणि संस्थेचं नाव आरसीएफईच्या प्राथमिक कोर्सच्या यादीत आहे का ते बघा. प्रौढांच्या निवासांसाठीचा, म्हणजे एआरएफचा ३५ तासांचा कोर्स वेगळा, तो इथे चालत नाही. शंका आली तर खात्याच्या प्रमाणपत्र विभागाला ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या. पैसे क्रेडिट कार्डाने द्या. मी झेलने (Zelle, बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सोय) दिले होते, बँकेने परत मिळवून द्यायला नकार दिला.

खात्याकडे तक्रार केली आहे आणि स्मॉल क्लेम्स कोर्टात, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, दावा लावते आहे. तिथे वकील लागत नाही आणि व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंतचा दावा लावता येतो. अशाच ‘ऑनलाइन ८० तासां’साठी तुम्हीही कुणाला पैसे दिले असतील तर व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, पावती आणि तो दाखला, यातलं काहीही पुसू नका. खात्याकडे तुमचीही तक्रार जाऊ द्या.