जुन्या फर्निचरचा रंग काढणारं जेल: कुठे चालतं, कुठे नाही

कपाटाच्या दाराचं टेबल करायचं किंवा खणांची भिंतीवर मांडणी, आधी जुना रंग उतरायला हवा. त्यासाठी पातळ रिमूव्हरपेक्षा जेल केव्हाही उजवं, उभ्या फळीवरूनही ओघळत नाही. दोन-तीन मिमी जाड थर एकाच दिशेने द्या, ब्रश पुन्हापुन्हा फिरवू नका. वर प्लास्टिक अंथरून 20-30 मिनिटं थांबा. रंगाला सुरकुत्या पडल्या की प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. लोखंडी पट्टी मऊ पडलेल्या लाकडात चर पाडते. कोरीव कामात जुना टूथब्रश.

भरीव सागवानावर काम छान होतं. व्हिनियरवर (वरून चिकटवलेल्या पातळ लाकडी थरावर) मात्र जपून: जेल जास्त वेळ राहिलं तर खालचा डिंक सुटून कडा उचलतात. दुसरी अडचण मेणाची. बऱ्याच रिमूव्हरमध्ये ते असतं आणि लाकडावर राहिलं तर नवं पॉलिश धरत नाही. डब्यावर सांगितलेल्या द्रावकाने (बहुधा टर्पेंटाइन) पुसा, दिवसभर वाळवा, मग 120 आणि 180 नंबरचा पॉलिश पेपर रेषांच्या दिशेने मारा. फार जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे रंग कोरडा घासून काढण्यापेक्षा जेल बरं. वास उग्र आहे. हातमोजे, चष्मा आणि उघड्या खिडक्या हव्यातच.