अभ्यासासाठी कोणते बंदर निवडावे: कोकणातले बाणकोट की अरबस्तानातले एडन?

दोन्ही बंदरे ब्रिटिशांच्या मुंबई सरकारच्या ताब्यात होती. बाणकोट १७५६ च्या पुणे तहाने पेशव्यांकडून मिळाले, बदल्यात विजयदुर्ग सोडावा लागला. तिथे सावित्री नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा. त्यामुळे मोठी जहाजे बाहेरच थांबत.

एडन १८३९ मध्ये तोफांनी घेतले, आगबोटींच्या कोळशासाठी. १८५० पासून ते मुक्त बंदर, म्हणजे जकातीचा आधारही गेला. शिवाय राजकारण आणि खजिना दोन्ही तिथले ब्रिटिश प्रतिनिधी कॅप्टन हेन्स यांच्या हाती! १८५४ मध्ये खजिन्यात मोठी तूट निघाली. अफरातफरीच्या आरोपातून हेन्स सुटले, तरी कर्जापायी कैदेत पडले. दोष माणसापेक्षा व्यवस्थेचाच.

पुण्यात बसून अभ्यास करायचा तर बाणकोट घ्या; मराठी बाजूसाठी पेशवे दफ्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराची कागदपत्रे, इथेच आहे. एडनसाठी मुंबईचे पुराभिलेखागार गाठावे लागेल.