फ्रान्सचा कनाल द्यु मिदी कालवा, चार दिवस स्वतः बोट चालवून: लॉकसाठी तरी जाच

आम्ही चौघं होतो, मी, नवरा, आई आणि माझा सतरा वर्षांचा भाचा. ओंप्स नावाच्या छोट्या गावातून बोट भाड्याने घेतली आणि त्रेबपर्यंत जाऊन परत आलो. बोट चालवायला लायसन्स लागत नाही हे मला आधी खरंच वाटत नव्हतं, पण भाड्याने देणारेच थोडा वेळ शिकवतात आणि त्या ट्रिपपुरतं कार्ड देतात. ताशी 8 किलोमीटरच्या वर जायचं नाही, काठावरून सायकलवाले आरामात पुढे निघून जातात, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत आपल्यालाही घाई राहत नाही.

पण खरी मजा लॉकमध्ये आहे. लॉक म्हणजे कालव्याची पातळी बदलते तिथला, दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद, त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेतात. बोट आत घ्यायची, मागचा दरवाजा लागतो, मग लॉक चालवणारा माणूस, लॉककीपर, पुढच्या दरवाजाच्या झडपा उघडतो आणि पाणी असं काही घुसतं की धरणाच्या सांडव्यापाशी उभं राहिल्यासारखा आवाज, बोट मागेपुढे ओढली जाते आणि त्या वेळी दोर हातात धरून बसायचं. वर चढताना दोर आवरत आणायचा, उतरताना सोडत जायचं, खुंट्याला नुसता वेढा द्यायचा, गाठ अजिबात मारायची नाही. आईचं लहानपण विहिरीचं पाणी शेंदण्यात गेलंय, तिने पहिल्याच लॉकला दोर बरोबर धरला आणि भाच्याला म्हणाली, "अरे ओढू नकोस, येईल तेवढाच घे." परत येताना शेजारच्या बोटीतल्या लोकांनी गाठ मारली होती, पाणी उतरायला लागलं आणि त्यांची बोट एका अंगाने दोराला लटकली, दोर करकरायला लागला, लॉककीपरने धावत जाऊन पाणी बंद केलं म्हणून निभावलं. ते बघून माझे हातपाय गार पडले, तेव्हा गाठीचं खरंच लक्षात ठेवा.

इथले लॉक सरळ चौकोनी नाहीत, मधे फुगीर, अंड्यासारखे आहेत. सुरुवातीला सरळ भिंतींचा एक लॉक बांधला होता तो ढासळला, म्हणून भिंतींना बाक दिला, म्हणजे बाहेरच्या मातीचा दाब कमानीसारखा पेलला जातो. फोनफीलला असे तीन लॉक पायऱ्यांसारखे एकाला एक जोडलेत, एकातून निघालो की थेट दुसऱ्यात. साडेतीनशे वर्षांचे दगड आणि त्यावरचं ओलं शेवाळं हाताच्या अंतरावर, मी तर हात फिरवून बघितला. पिएर-पॉल रिके म्हणून मिठावरचा कर गोळा करणारा माणूस होता, त्याने 1666 मध्ये चौदाव्या लुईची परवानगी मिळवून हे काम काढलं, स्वतःचे पैसे घातले, कर्जात बुडाला, आणि 1680 मध्ये, कालवा उघडायच्या काही महिने आधीच गेला. हे वाचलं तेव्हा मला खूप वाईट वाटलं. तुलूझपासून समुद्राजवळच्या तलावापर्यंत 240 किलोमीटर, आणि आजही बोटी चालतायत!

एग्वीच्या लॉकला थांबाच, तिथल्या लॉककीपरने भंगार लोखंडाची आणि लाकडाची चित्रविचित्र माणसं-प्राणी करून काठावर उभे केलेत, भाचा तिथून हलायलाच तयार नव्हता.

दुपारी लॉककीपर जेवायला जातात, तासभर लॉक बंद. आम्ही पुईशेरिकला पाच मिनिटांनी चुकलो, मग काठावर बोट बांधून आईने आणलेली शेंगदाण्याची चटणी ताज्या ब्रेडला लावून खाल्ली, ते जेवण अजून आठवतं.

आता तक्रार. आमच्या बोटीचा फ्रीज गार होत नव्हता, गाद्यांच्या चादरी धुतलेल्या नव्हत्या आणि कंपनीचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी लागला. बोट ताब्यात घेताना सगळं उघडून, चालू करून बघा, सही नंतर करा.

आणि झाडं. फोटोत दिसतात ती काठावरची प्लेन नावाची मोठी, सावलीची झाडं एका बुरशीच्या रोगाने मरतायत, 2006 पासून हजारो तोडलीत. काही पट्ट्यांत नुसती रोपं उभी आहेत, सावलीच नाही, तिथून जाताना आम्ही सगळे गप्प झालो होतो. टोपी आणि भरपूर पाणी ठेवा.

मोठी माणसं किमान तीन हवीत, एक स्टिअरिंगला, दोघं दोरांवर. हातमोजे घरूनच न्या, ओल्या दोराने तळहात सोलवटतात, आईचे दोन्ही सोलले होते तरी तिने दोर दुसऱ्या कुणाला दिला नाही.