भाडेकराराची ऑनलाइन नोंदणी: सेवा चांगली, मसुदा अर्धवट

अजूनही पुष्कळ ठिकाणी स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारून ११ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट उरकलं जातं. ‘वर्षाच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही’ हा त्यामागचा समज. केंद्राच्या नोंदणी कायद्यापुरता तो ठीक आहे. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ मध्ये मुदतीची सवलतच नाही. लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार) ११ महिन्यांचं असो की ६० महिन्यांचं, ते लेखी आणि नोंदवलेलं हवं. जबाबदारी घरमालकाची. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झालाच तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात आणि उलट सिद्ध करायचं ओझं मालकावर येतं. मालकाला खरी झळ बसते ती इथे.

म्हणून राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाची ई-नोंदणी सेवा महत्त्वाची. दुय्यम निबंधकाच्या (सब-रजिस्ट्रारच्या) कार्यालयात न जाता करार नोंदवता येतो. क्रम सरळ आहे: मिळकतीचा तपशील, दोन्ही पक्ष, भाडं-डिपॉझिट-मुदत, इतर अटी, मग मसुदा वाचून शुल्क भरायचं, वेबकॅमवर फोटो, आधारशी जुळणारा अंगठा आणि शेवटी दुय्यम निबंधकांकडे ऑनलाइन सादर.

खर्चाचं गणित एजंटवर सोडू नका. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के; ते पूर्ण मुदतीचं भाडं, परत न मिळणारी रक्कम असेल तर ती, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर दर वर्षी १० टक्क्यांनी धरलेलं व्याज या सगळ्याच्या बेरजेवर लागतं. समजा भाडं २२,५००, डिपॉझिट एक लाख, मुदत २४ महिने. भाडं झालं ५,४०,०००, व्याज २०,०००, बेरीज ५,६०,०००, शुल्क १,४००. त्यावर शहरी भागात नोंदणी फी १,००० (ग्रामीण भागात ५००) आणि दस्त हाताळणी शुल्क ३००. एकूण २,७०० रुपये. एजंट याच्या दुप्पट-तिप्पट सांगत असेल तर जास्तीचा आकडा त्याच्या मेहनतान्याचा आहे. तो देण्यात गैर काही नाही, फक्त सरकारी चलनाची प्रत वेगळी मागून घ्या. दर ११ महिन्यांनी नवा करार करण्यापेक्षा २४ किंवा ३६ महिन्यांचा एकच करार स्वस्त पडतो, कारण नोंदणी फी मुदतीप्रमाणे वाढत नाही.

अडतं कुठे? पहिलं म्हणजे अंगठा. ज्येष्ठ नागरिक आणि हातानं काम करणाऱ्यांच्या रेषा झिजलेल्या असतात. आधार केंद्रात बायोमेट्रिक आधीच अद्ययावत करून घेतलेलं बरं. ठसा घेणाऱ्या यंत्राची आरडी सर्व्हिस (आधारसाठी यंत्राची नोंदणी चालू ठेवणारी सेवा) संपलेली असेल तर बोट कितीही स्वच्छ असलं तरी उपयोग नाही. दुसरं, मिळकतीचं वर्णन: गाव-तालुका चुकीचा निवडणं, चौरस फुटांचा आकडा चौरस मीटरच्या रकान्यात टाकणं. शुल्क भरायच्या आधी मसुदा दोघांनीही शब्दन् शब्द वाचावा. आणि एखाद्या पक्षाकडे आधारच नसेल, तर हा मार्ग सोडून सरळ दुय्यम निबंधक कार्यालय गाठावं.

सेवेचा खरा उणेपणा मात्र तयार मसुद्यात आहे. भांडणं ज्या गोष्टींवरून होतात त्या त्यात पुरेशा येत नाहीत. इतर अटींच्या जागेत त्या स्वतः टाइप कराव्या लागतात. डिपॉझिट कधी परत करायचं (चावी घेताना, त्याच वेळी, बँकेतून), रंगकामाचे पैसे कापायचे की नाही आणि किती, लॉक-इन (करार मध्येच मोडता न येण्याचा काळ) कुणावर आणि किती महिने, नोटीस कशी द्यायची, गिझर-एसी बिघडला तर खर्च कुणाचा, जाताना वीजबिलाचं रीडिंग कोण घेणार. फर्निचर आणि उपकरणांची यादी जोडायला विसरू नये. पंख्यासारख्या किरकोळ वस्तूंवरूनच लोक वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

हे भाडेकरूनं विशेष मनावर घ्यायला हवं, कारण कायद्याचा जलद रस्ता मालकासाठी आहे. मुदत संपून घर सोडलं नाही तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जातो. लेखी करार त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा धरला जातो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट भाडं द्यावं लागतं. भाडेकरूनं समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागितली नाही, तर मालकाचं म्हणणं मान्य केल्यासारखं होतं. उलट, मालकानं डिपॉझिट अडवलं तर भाडेकरूला असा झटपट मंच नाही; दिवाणी दाव्याची वाट धरावी लागते. म्हणून डिपॉझिटचं कलम ढिलं ठेवून सही करू नये, समोरचा कितीही ओळखीचा असला तरी.

नोंदणी झाली म्हणजे पोलिसांनाही कळलं असं धरून चालू नका. त्यांच्या संकेतस्थळावर भाडेकरूच्या माहितीचा फॉर्म भरून पोच जपून ठेवा. सोसायटीला कराराची प्रत द्या. घर भाड्यानं दिल्याबद्दल ती जे नॉन-ऑक्युपन्सी शुल्क लावते ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि ही टक्केवारी काढताना महापालिकेचे कर धरायचे नसतात. बिलात ते धरलेले दिसले तर सचिवांना लेखी पत्र द्या आणि पोच घ्या.