बाथरूमचा शांत एक्झॉस्ट फॅन: पावसाळा आणि हिवाळा काढल्यानंतर

बाथरूमच्या माळ्यावर, पाइपच्या मधोमध बसणारा इन-लाइन एक्झॉस्ट फॅन लावला, त्याला आता एक अख्खा पावसाळा आणि हिवाळा होऊन गेला. नवा असताना बहुतेक पंखे शांतच वाटतात. धूळ बसली, ओल आली, वारा सुटला की खरा आवाज कळतो, म्हणून लिहायला मुद्दाम थांबले. मॉडेलचं नाव देत नाही. कारण तोच पंखा वेगळ्या पाइपवर बसवला तर तुम्हाला वेगळा ऐकू येईल, आणि मला सांगायचंय ते नेमकं हेच.

आधी भिंतीत साधा पात्यांचा पंखा होता. हवा बरी खेचायचा, पण बाथरूम बेडरूमला लागून, त्यामुळे पहाटे कोणी अंघोळीला गेलं की झोपलेल्या माणसाची झोप मोडायची. मग हळूहळू घरात कोणी तो लावेनासंच झालं. छताच्या कोपऱ्यात काळे ठिपके आले, दाराच्या चौकटीचा खालचा भाग फुगला, टॉवेलला कुबट वास यायला लागला. शांतपणाला मी एवढं महत्त्व देते ते यासाठी. आवाजाचा पंखा बंदच ठेवला जातो, आणि बंद पंख्याने किती हवा खेचली असती याला काही अर्थ नाही.

गरम पाण्याच्या अंघोळीनंतर हवेत किती पाणी असतं याचा अंदाज येत नाही. 38 अंश तापमानाच्या पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे 46 ग्रॅम वाफ असते. तीच हवा 20 अंशांवर आली की तिच्यात जेमतेम 17 ग्रॅम मावते. उरलेलं पाणी आरशावर, छतावर, टाइल्सच्या सांध्यांत उतरतं. शिवाय अंघोळ संपली तरी ओल्या भिंती आणि टॉवेल वाफ सोडतच राहतात. म्हणून पंखा अंघोळीपुरता लावून भागत नाही, नंतर किमान 20 मिनिटं तरी चालायला हवा. इतका वेळ कोणाला त्रास न होता चालेल असा पंखा मला हवा होता.

किती क्षमतेचा घ्यायचा हा हिशेब सोपा आहे. 5 बाय 8 फुटांचं आणि 9 फूट उंचीचं बाथरूम म्हणजे 360 घनफूट हवा. तासाला आठ वेळा हवा बदलायची तर मिनिटाला 48 घनफूट लागते, म्हणजे तासाला साधारण 82 घनमीटर. अमेरिकेतल्या अॅश्रे संस्थेचं 62.2 हे मानकही बाथरूमच्या गरजेनुसार चालणाऱ्या पंख्याला मिनिटाला 50 घनफूटच सांगतं. आकडा फार मोठा नाही. गोंधळ होतो तो खोक्यावरच्या आकड्यामुळे. तो बहुधा मोकळ्या हवेतला असतो, पुढे ना पाइप, ना जाळी, ना झडप. साध्या पात्यांच्या पंख्यापुढे चार-पाच मीटर पाइप आणि एक-दोन वळणं आली की त्याची हवा फार पडते, कारण दाब निर्माण करणं हे त्या पात्यांचं कामच नाही. आरपार भिंतीतून बाहेर फेकायचं असेल तर तो उत्तम. पाइप असेल तर सेंट्रिफ्यूगल (मधून हवा घेऊन कडेने दाबाने फेकणारा) किंवा मिक्स्ड-फ्लो (तो आणि साधी पाती यांचा मेळ) पंखाच बघा, आणि विक्रेत्याकडे दाबानुसार हवा किती हे दाखवणारा आलेख मागा. आलेख मिळत नसेल तर मी तो पंखा सोडून देईन.

आवाजाच्या आकड्यांचंही तसंच. डेसिबल किती याबरोबर तो किती अंतरावर मोजला हे वाचा. एक मीटरवर मोजलेला आवाज तीन मीटरवर मोकळ्या जागेत साडेनऊ डेसिबलने कमी भरतो, आणि दहा डेसिबलचा फरक कानाला साधारण निम्म्या-दुपटीचा वाटतो. म्हणजे "25 डेसिबल, 3 मीटरवर" आणि "34 डेसिबल, 1 मीटरवर" हे जवळजवळ एकच पंखे आहेत. टाइल्सच्या खोलीत आवाज घुमतो, तो भाग वेगळाच. काही कंपन्या सोन या एककात आकडा देतात. तुलनेला ते जास्त सोयीचं, कारण दोन सोन म्हणजे कानाला एक सोनच्या दुप्पट, सरळ हिशेब. एक सोनच्या खालचा पंखा झोपेच्या वेळी चालतो असा माझा अनुभव.

निवडताना सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे पंखा गरजेपेक्षा मोठा घेऊन हळू चालवणं. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे 15 डेसिबलने उतरतो आणि लागणारी वीज सिद्धांतानुसार आठव्या भागावर येते. माझा पंखा पूर्ण वेगाला गरजेच्या दुप्पट हवा खेचू शकतो, आणि रोज तो अर्ध्या वेगाच्या आसपासच चालतो. यासाठी ईसी मोटर हवी, जिचा वेग आतल्या इलेक्ट्रॉनिक्सने बदलतो. साध्या मोटरला बाहेरून रेग्युलेटर जोडून वेग कमी केला तर पात्यांचा आवाज घटतो पण मोटर गुणगुणायला लागते, आणि रात्रीच्या शांततेत ती गुणगुण वाऱ्याच्या आवाजापेक्षा जास्त टोचते. ईसी मोटरला तर तसला रेग्युलेटर लावूच नका, ती खराब होईल.

आता पाइप. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावरच.

तेवढीच हवा न्यायची असेल तर पाइपमधला विरोध व्यासाच्या पाचव्या घाताने बदलतो. 4 इंचांऐवजी 5 इंची पाइप घेतला की विरोध एक-तृतीयांशावर येतो. 6 इंची घेतला तर सातव्या भागाच्याही खाली. पंख्याचा वेग कमी ठेवता येतो तो यामुळे. कोअर कटिंगवाल्याला 5 इंचांचं भोक सांगितलं तेव्हा आमच्या इलेक्ट्रिशियनने विचारलं, "ताई, एवढ्याशा बाथरूमला एवढा मोठा पाइप कशाला?" पंखा चालू झाल्यावर तो खाली उभा राहून दोनदा म्हणाला, "चालू आहे ना?" मग जाळीजवळ टिश्यू पेपर धरून दाखवला. तो सोडला तरी जाळीला चिकटून राहिला.

अॅल्युमिनियमचा सुरकुत्यांचा लवचिक पाइप स्वस्त आणि बसवायला सोपा, म्हणून सगळे तोच आणतात. पूर्ण ताणून लावला तर ठीक. पण माळ्यावर तो बहुतेक वेळा अर्धवट दबलेला, मधेच लोंबणारा असतो आणि तेवढ्याने विरोध कित्येक पटींनी वाढतो. लोंबत्या भागात पाणी साचतं, मग पंखा सुरू झाला की गुळगुळ आवाज येतो. मी लांब अंतराला कडक पीव्हीसी पाइप वापरला, बाहेरच्या बाजूला मीटरमागे साधारण एक सेंटिमीटर उतार दिला, म्हणजे आत जमलेलं पाणी बाहेरच्या भिंतीकडून टपकतं, मोटरकडे येत नाही. पंख्याच्या दोन्ही बाजूंना मात्र लवचिक पाइपचे छोटे तुकडे आहेत. ते पंख्याची थरथर कडक पाइपात जाऊ देत नाहीत. पंखा आणि जाळी यांच्यामधला तुकडा इन्सुलेशनवाला घेतला, तो आवाजही पितो. वळण पंख्याला चिकटून देऊ नका. आधी दोन फूट तरी सरळ पाइप राहू द्या, नाहीतर पात्यांवर हवा वेडीवाकडी येते आणि तिथेच खरखर सुरू होते.

पंखा टांगायचा कशाला हा प्रश्न बहुतेक जण विचारातच घेत नाहीत. फॉल्स सीलिंगच्या पत्र्याला किंवा बोर्डाला टेकला तर अख्खं छत त्याच्याबरोबर थरथरतं. माझा स्लॅबला फास्टनर मारून, रबरी बुश घातलेल्या पट्ट्यांवर लटकतोय. सीलिंगला तो कुठेही शिवत नाही. पहिल्या दिवशी आवाज ठीक होता पण एक बारीक झंकार यायचा. शोधल्यावर कळलं, वायरची केसिंग पंख्याच्या अंगाला लागत होती. तिथे फोमचा तुकडा घातला आणि झंकार गेला. आज खाली उभं राहून ऐकलं तर शेजारच्या खोलीतला फ्रिज चालू असावा इतकाच आवाज येतो. बेडरूममध्ये दार लावलेलं असताना काहीच येत नाही.

जाळीची जागा शॉवरच्या वर, दारापासून शक्य तेवढी लांब. हवा दाराखालून शिरते आणि वाफेवरून जाऊन बाहेर पडते. म्हणून दाराखाली 10 ते 20 मिलिमीटर फट लागतेच. उंबरठा आणि दार घट्ट बसत असेल तर कितीही महागडा पंखा आणा, तो आहे तीच हवा ओढत राहील. पंखा लावून दाराखाली टिश्यूची पट्टी धरा. ती आत झुकली नाही तर हवेला यायला वाट नाही. जाळीही मोठी घ्या, कारण अरुंद फटींतून जोरात जाणारी हवा स्वतःच शीळ घालते.

वायरिंग स्वतः करू नका. ओल्या जागेतलं काम आहे. अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) हवंच. टायमरवाल्या पंख्याला स्विचच्या फेजशिवाय कायमचा फेजही (स्विच बंद केला तरी वीज असणारी तार) लागतो, हे भिंत बंद करण्याआधी सांगा. शॉवरच्या वर थेट छतात बसणारा पंखा घेणार असाल तर किमान आयपीएक्स 4 दर्जाचा (कुठूनही उडालेलं पाणी सोसणारा) घ्या. इन-लाइनमध्ये मोटर माळ्यावर राहते, पाण्यापासूनही लांब आणि कानापासूनही. फॉल्स सीलिंगला ट्रॅप डोअर ठेवलंत तरच ती नंतर हाताशी येते.

आणि बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर एक्झॉस्ट फॅनचा विचार तिथेच थांबवा. पंखा खोलीतला दाब कमी करतो, त्यामुळे गिझरचा जळका वायू बाहेर जायच्याऐवजी आत ओढला जाऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो. गिझर आधी बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत न्या, मग पंख्याचं बघा.

वापरात दोन गोष्टींनी त्रास दिला. पहिली, आर्द्रता सेन्सर. उन्हाळ्याच्या शेवटी तो सुरेख चालला; वाफ झाली की आपोआप सुरू, कोरडं झालं की बंद. पावसाळा लागला आणि पंखा थांबेचना. कारण उघड आहे: सेन्सर 65 टक्क्यांवर लावलेला, आणि बाहेरचीच हवा 85-90 टक्के. पंखा जी हवा आत घेतो तिच्यापेक्षा खोली जास्त कोरडी करूच शकत नाही. पावसाळाभर सेन्सर बंद ठेवून 25 मिनिटांचा टायमर वापरला आणि सगळं सुरळीत झालं. ठरावीक आकड्याऐवजी आर्द्रता किती झपाट्याने वाढतेय हे बघणारे सेन्सरही मिळतात. वर्षातले काही महिने दमट हवेत जात असतील तर तसलाच घ्या, किंवा फक्त टायमरवर भागवा. माझ्या मते टायमर पुरतो.

दुसरा त्रास बाहेरच्या झडपेचा. पंखा बंद असताना बाहेरची हवा आत येऊ नये म्हणून असलेली ती प्लॅस्टिकची झडप वादळी वाऱ्यात रात्रभर फटफटायची. पंखा शांत, आणि झडपेने झोपमोड! ती काढून पाइपच्या आत स्प्रिंगची दोन पाकळ्यांची झडप बसवली. बाहेर फक्त पावळी आणि पक्षी न शिरण्यापुरती जाड जाळी ठेवली. डासांची बारीक जाळी तिथे लावू नका, टॉवेलचा धागाधुरळा अडकून ती काही महिन्यांत गच्च होते.

परिणाम म्हणाल तर आरसा अंघोळ संपेपर्यंत जेमतेम धुरकट होतो आणि लगेच निवळतो. छत रंगवताना काळे ठिपके खरवडून, बुरशीनाशक लावून मग रंग दिला होता. अख्ख्या पावसाळ्यात एकही ठिपका परत आला नाही. चौकट अजून फुगलेलीच आहे, ती बदलावी लागेल. टॉवेल मात्र मी आता बाथरूममध्येच वाळत घालते, जे पूर्वी शक्यच नव्हतं.

हिवाळ्याच्या शेवटी आवाज किंचित वाढल्यासारखा वाटला, तेव्हा मेन स्विच बंद करून पंखा उतरवला. पात्यांवर करड्या धुळीचा थर बसला होता, एका बाजूला जास्त, आणि त्यानेच तोल बिघडून थरथर येत होती. मऊ ब्रशने आणि ओलसर फडक्याने पुसलं, मोटरला पाणी लागू दिलं नाही. परत लावल्यावर आवाज पहिल्यासारखा. जाळी दर महिन्याला धुते, पंखा सहा महिन्यांनी उतरवायचा असं ठरवलंय.

दुसऱ्या बाथरूमलाही आता हाच पंखा घेतेय. तिथे बाहेरची भिंत लांब आहे आणि दोन वळणं टाळता येण्यासारखी नाहीत, म्हणून कोअर कटिंगवाल्याला या वेळी 6 इंच सांगितलेत.