‘प्रशस्त’ तपासणी-यादी: गोव्यातल्या मराठी शाळेत कितपत उपयोगी?

एखादे मूल मागे पडते आहे हे वर्गशिक्षकाला कळते. पण नेमके काय नोंदवायचे, हे बहुतेकांना कोणी शिकवलेले नसते. एनसीईआरटीची (राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद) ‘प्रशस्त’, म्हणजे मुलांतल्या अपंगत्वाची प्राथमिक चाचपणी करणारी यादी, इथे खरोखर कामाला येते. पुस्तिका २०२१ची, ॲप २०२२चे. अपंगत्वाचे प्रकार १९९५च्या कायद्यात ७ होते, २०१६च्या कायद्याने २१ केले. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता त्यात तेव्हा आल्या. यादी या २१ प्रकारांवरच बेतलेली आहे.

पहिला भाग वर्गशिक्षकाचा, दुसरा विशेष शिक्षकाचा किंवा मुख्याध्यापकाचा. मुलाकडे दोघांनी वेगवेगळे पाहावे, ही यातली सर्वांत चांगली गोष्ट. आपल्या एकशिक्षकी शाळांत मात्र दोन्ही भाग एकाच हाताने भरले जातात आणि पहिली चूक तशीच पुढे जाते. तिथे थोडे थांबावे लागले तरी दुसरा भाग विशेष शिक्षकाकडूनच भरून घ्यावा.

घाई केली की यादी फसते. भर पावसाळ्यात लहान मुलांना सर्दी असते, कानाच्या पडद्यामागे पाणी साचते आणि काही आठवडे कमी ऐकू येते. असे मूल ‘लक्ष देत नाही’ या रकान्यात जाऊन बसते. मुलाच्या पाठीमागे उभे राहून हळू आवाजात नाव घ्या. वळले नाही तर आधी कान तपासून घ्या. यादी चतुर्थीच्या सुट्टीनंतर भरली तरी चालेल.

भाषेचा घोळ याहून मोठा. घरी कोकणी, शाळेत मराठी. उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि गोष्ट कोकणीत सांगायला लावा. नीट सांगितली, पण तोच उतारा स्वतः वाचता येत नाही, तर अडचण वाचनाची असू शकते. ‘कि’ची वेलांटी अक्षराआधी लिहितात, उच्चार मात्र नंतर, तिथे मूल कितीदा अडते ते पाहा. घ-ध, म-भ यांची गल्लत दोन आठवडे तारखेसह वहीत टिपा. या वहीशिवाय यादीवरच्या खुणा म्हणजे नुसता अंदाज.

यादी निदान करत नाही. तिच्या आधारावर ‘तुमच्या मुलाला डिस्लेक्सिया आहे’ असे पालकांना सांगणे ही गंभीर चूक आहे. निदान तज्ज्ञच करतील, त्यासाठी बहुधा बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जावे लागेल. काणकोण किंवा सत्तरीतल्या पालकांचा त्यात अख्खा दिवस जातो, रोज बुडतो. म्हणून वहीच्या झेरॉक्स आणि मुलाच्या लेखनाचे नमुने पहिल्याच खेपेला सोबत द्या.

उणीव यादीच्या पुढची आहे, विशेष शिक्षकांची. सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या १० मुलांमागे १ विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितले. ते शाळेत प्रत्यक्ष येईपर्यंत पहिला बाक, मोठ्या अक्षरातला उतारा आणि तोंडी उत्तराची मुभा एवढे वर्गशिक्षक आजपासूनच देऊ शकतो. त्याला अपंगत्वाचा दाखला लागत नाही.