एक रात्र गवती छपराखाली : ओगिमाची की आइनोकुरा?

जपानच्या सहलीत ताकायामा आणि कानाझावा ही शहरं घेतली असतील, तर मधल्या डोंगरात जुन्या शेतघरात एक रात्र राहावं का, हा प्रश्न येतोच. राहायचं ठरलं तर बहुतेक जण शिराकावागोमधल्या ओगिमाचीचं नाव घेतात, कारण फोटो तिथलेच पाहिलेले असतात. ओगिमाचीजवळून वाहणाऱ्या शो नदीच्या खालच्या अंगाला, तोयामा प्रांतातल्या गोकायामा भागात आइनोकुरा आहे. ही दोन गावं आणि त्यांच्यामधलं चिमुकलं सुगानुमा १९९५ साली एकत्रच जागतिक वारसा यादीत गेली.

घरं दोन्हीकडे एकाच घडणीची. बर्फ घसरून पडावं म्हणून सुमारे ६० अंशांच्या उताराचं जाड गवती छप्पर, आणि छपराच्या सांगाड्यात खिळा नाही. सगळं दोरांनी आणि लवचीक फांद्यांनी बांधलेलं. खाली इरोरी, म्हणजे जमिनीतच बसवलेली चौकोनी चूल, आणि वर माळ्यांवर पूर्वी रेशमाचे किडे पाळत. चुलीचा धूर वर जाऊन दोर आणि गवत कीड लागण्यापासून वाचवतो. तीस-चाळीस वर्षांनी छप्पर बदलायची वेळ येते, तेव्हा आपल्याकडच्या सावडीसारखं सारं गाव एका घराच्या कामाला लागतं.

आधी एक स्पष्ट सांगते. घरं नुसती बघायची असतील तर मुक्कामाची गरज नाही. ताकायामाहून ओगिमाची बसने ५० मिनिटांवर आहे. तीन-चार तासांत शिरोयामाच्या टेकडीवरून दिसणारा देखावा आणि आतून बघायला खुलं असलेलं वाडा आडनावाच्या कुटुंबाचं घर आरामात होतं. रात्री ताकायामात स्वतःच्या न्हाणीघराची खोली मिळते. मुक्काम करायचा तो संध्याकाळसाठी आणि सकाळसाठी, आणि नेमकी तिथेच दोन गावं वेगळी पडतात.

ओगिमाचीला वर्षाला दहा लाखांहून जास्त लोक येतात. दुपारी मुख्य रस्त्यावर नुसती रांग असते. शेवटच्या बसगाड्या गेल्या की दुकानं मिटतात आणि भाताच्या खाचरांमधल्या वाटा मोकळ्या होतात. सकाळी पहिल्या बसगाड्या येईपर्यंत गाव तिथल्या लोकांचं आणि मुक्कामाच्या पाहुण्यांचं असतं. दिवसाचं आणि रात्रीचं ओगिमाची इतकं वेगळं आहे की तिथे राहण्याचं मोल या फरकातच आहे. शिवाय गाव सपाट आहे, बसगाड्या भरपूर, राहायची घरं जास्त. सोबत आईवडील किंवा लहान मुलं असतील, तर ओगिमाची सोपं.

आइनोकुरात गवती छपरांची घरं जेमतेम वीस. राहायची सोय त्यातल्या मोजक्याच घरांत, आणि एका वेळी थोडेच पाहुणे घेतात. म्हणून तिथे यजमानांशी गाठ खरी पडते. जेवण इरोरीभोवती असतं. काठीला टोचलेला मासा राखेत उभा करून भाजत असताना घरातलं वडीलधारं माणूस गोष्टी सांगत बसतं. गोकायामाच्या लोकगीतांना साथ करणारा सासारा, म्हणजे १०८ लाकडी पट्ट्या ओवलेलं वाद्य, काही घरी हातात धरून वाजवूही देतात. मला मात्र या भागाची सर्वांत ओढ लावणारी गोष्ट त्या चुलीजवळच्या जमिनीखालची वाटते. एदो काळात (१६०३–१८६८) इथले लोक घराखालच्या खड्ड्यांत माती, गवत आणि रेशीमकिड्यांची विष्ठा वर्षानुवर्षं कुजवून त्यातून बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा काढत, आणि तो कानाझावाच्या कागा सरदारांकडे जाई. डोंगरात लपलेलं गाव हीच त्या कामाची सोय होती. आइनोकुरातल्या छोट्या संग्रहालयात या उद्योगाची माहिती मांडलेली आहे. ती दुपारी बघून रात्री त्याच जातीच्या घरात पाठ टेकली की घर समजतं. ओगिमाचीच्या गर्दीत तेवढी उसंत मिळणं कठीण.

किंमत मोजावी लागते ती प्रवासात. आइनोकुराला ताकाओकाहून सुटणारी बस जाते. ती शिन-ताकाओका या शिनकान्सेनच्या (बुलेट ट्रेनच्या) स्थानकावरूनही मिळते आणि तासाभरात पोचवते, पण दिवसाला फेऱ्या थोड्या. बस मोठ्या रस्त्यावर सोडते, पुढे पाच-सात मिनिटांचा चढ. चाकांची मोठी बॅग आणू नका. ती पुढच्या शहरातल्या हॉटेलवर कुरियरने पाठवा. संध्याकाळनंतर गावात काही विकत मिळत नाही. जेवण सहाच्या सुमाराला असतं, त्यामुळे पाचच्या आत पोचायचं.

खोलीच्या बाबतीत दोन्हीकडे अपेक्षा सारखीच ठेवा. ही मिन्शुकु आहेत, म्हणजे शेतकऱ्याच्या घरातली पाहुणचाराची सोय. रयोकानचा, म्हणजे पारंपरिक जपानी सरायीचा, थाट नाही. तातामीवर, म्हणजे गवताच्या चटयांवर, फुतोनची गादी, दोन खोल्यांमध्ये कागदी सरकती दारं, त्यामुळे शेजारचं घोरणं ऐकू येणार. शौचालय आणि न्हाणीघर सामायिक. टबाबाहेर अंग धुऊन मगच टबात बसायचं, आणि पाणी सोडायचं नाही, कारण नंतरचे पाहुणे त्याच पाण्यात बसतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खाली बसून जेवण्याचा विचार आधीच करावा. बुटकी खुर्ची आहे का, हे नोंदणीच्या वेळी विचारा. दर खोलीचा नसून माणशी असतो आणि त्यात रात्रीचं जेवण आणि न्याहारी धरलेली असते. बरीच घरं हॉटेलांच्या मोठ्या संकेतस्थळांवर नसतात, गावाच्या पर्यटन संघटनेमार्फत मिळतात. रोख येन जवळ ठेवा.

हिवाळ्यात बर्फ माणसाच्या उंचीपर्यंत चढतं आणि ही घरं थंड असतात. खोलीतली शेगडी झोपताना बंद करायची असते. जानेवारी-फेब्रुवारीत ठरावीक संध्याकाळी ओगिमाचीत दिव्यांची रोषणाई होते, पण पूर्वनोंदणीशिवाय प्रवेश नाही, आणि त्या रात्रीच्या खोल्यांसाठी फार आधीपासून चढाओढ. माझी पसंती मे महिन्याच्या अखेरीला, खाचरांत पाणी असताना.

धडधाकट माणसांनी, निदान दोघं असतील तर, आइनोकुरातच राहावं असं मला मनापासून वाटतं. वाटेत दिवसाउजेडी ओगिमाची बघून तिथूनच ताकाओकाकडे जाणारी ती बस पकडून पुढे आइनोकुराला जाता येतं.

शाकाहारी वाचकांसाठी मात्र हिशेब बदलतो. जेवणात रानभाज्या, टोफू, भात भरपूर. गोकायामाचा टोफू तर दोरीने बांधून उचलता येईल इतका घट्ट. पण सूप आणि भाज्यांच्या रस्स्याला बहुतेकदा सुकवलेल्या बोनितो माशाचं पाणी असतं, आणि ओगिमाचीकडे हिदा गोमांसही वाढतात. नोंदणी करतानाच ‘मासा, मांस आणि माशाचं पाणीही नको’ असं जपानीत लिहून पाठवा. काही घरं आनंदाने जमवतात, काही नम्रपणे नाही म्हणतात. अंडंही न खाणाऱ्यांनी किंवा कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांनी ही रात्र वाकायामा प्रांतातल्या कोयासानला द्यावी. हे खेडं नव्हे, डोंगरावरचं मंदिरांचं गाव आहे. कूकाई या भिक्षूने नवव्या शतकात वसवलेलं. सुमारे पन्नास मंदिरांत मुक्कामाची सोय आहे. तिथल्या शोजिन र्‍योरी, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या शाकाहारी, जेवणात मांस, मासे, कांदा, लसूण काहीच नसतं आणि रस्सा कोम्बू या समुद्री वनस्पतीचा. ओसाकाच्या नांबा स्थानकाहून नानकाई रेल्वे आणि शेवटी केबल कार, त्यामुळे सामान घेऊन पोचायलाही ते या दोन्ही गावांपेक्षा सोपं.